धनुष्याची पारख

यवतमाळ जिल्ह्यात वणीजवळ राजूर नावाचे गाव आहे. अकोले तालुक्यातील राजूर निराळे आणि जालन्याकडील गणपतीचे राजूरही निराळे. हे राजूर कोळशाच्या खाणींचे आणि चुन्याच्या भट्ट्यांचे. येथे उतरणाऱ्या परक्या माणसास प्रथम दिसतो तो काळा कोळसा व पांढरा चुना, आणि या दोहोंच्या धुळीत रानाची आठवण सहसा कोणास होत नाही. परंतु मारेगाव व झरी-जामणी या बाजूंनी थोडे आत गेले की टेकड्या लागतात, सागवान लागते आणि कोलामांच्या वस्त्या लागतात. त्या वस्त्यांना त्या भागात पोड म्हणतात. कोलामांची भाषा मराठीहून अगदी वेगळी, द्राविडी कुळातील आहे. त्यांच्या शेजारी गोंडांची गावे आहेत. या रानात धामण नावाचे एक झाड वाढते. त्याचे लाकूड चिवट असून वाकविले असता मोडत नाही, सोडले की पुन्हा सरळ होते. संस्कृत ग्रंथकारांनी या झाडास धनुर्वृक्ष असे नाव देऊन ठेविले आहे. झाडाच्या नावातच त्याचा उपयोग सांगितला जावा, असा मान फार थोड्या झाडांस मिळाला असेल.

शिकारीसाठी नवे धनुष्य घ्यावयाचे तर कोणते घ्यावे, हा प्रश्न आज अमेरिकेत दरवर्षी लक्षावधी लोकांपुढे असतो. तेथे या प्रश्नाचे उत्तर द्यावयास दुकाने आहेत, कारखान्यांची सूचिपत्रे आहेत, आणि चाकांची, दोऱ्यांची, दुर्बिणीसारख्या नळ्यांची चर्चा करणारे हौशी लोकही अमाप आहेत. विदर्भाच्या रानात हाच प्रश्न शेकडो वर्षे विचारला गेला. मात्र त्याचे उत्तर दुकानात नसून बांबूच्या बेटात होते. या दोन उत्तरांमध्ये साम्य किती आणि अंतर किती, हे पाहू गेल्यास धनुष्याचा सारा इतिहासच उलगडत जातो, आणि त्याबरोबर माणसांचाही थोडासा.

प्रथम बांबूचा विचार करू. विदर्भात मुख्यतः दोन जातींचा बांबू होतो. एक काटेरी व पोकळ, त्यास कटांग म्हणतात. दुसरा मानवेल, हा बारीक असून पुष्कळदा जवळजवळ भरीव असतो. कामठा करावयाचा तो मानवेलाचा. कोवळा बांबू वाकतो पण परत उसळत नाही. फार जून झालेला उसळतो पण तडकतो. तेव्हा मधल्या वयाचा निवडावा लागतो, आणि तो वाळतानाही उन्हात करपू द्यावयाचा नसतो. दोरीसाठी मध्य हिंदुस्थानातील अनेक वनवासी लोकांनी बांबूचीच पातळ चिरफळी वापरली. भिल्लांचा कामठा तर त्यासाठी प्रसिद्धच आहे. तातीपेक्षा अशी दोरी पावसाळ्यात बरी; तात भिजली की सैल पडते, बांबूची चिरफळी तशी पडत नाही.

हे ज्ञान केवळ रानातच राहिले होते असे मात्र नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आयुधागाराच्या अध्यक्षाने कोणकोणती शस्त्रे ठेवावीत याची यादी आहे. तीत ताड, बांबू, लाकूड आणि शिंग अशा चार द्रव्यांची धनुष्ये सांगितली आहेत. दोरीसाठी मोरवेल, रुई, ताग यांच्या जोडीने बांबू व स्नायू हेही आहेत. हा ग्रंथ अनेक शतके लुप्तप्राय होता. म्हैसूर येथे शामशास्त्री यांनी तो शोधून १९०९ साली छापून प्रसिद्ध केला. राजाच्या कोठारातील यादीत आणि भिल्लाच्या झोपडीत बांबूची एकच दोरी आढळावी, यात आश्चर्य मानण्याचे कारण नाही. कोठारात जाणारी धनुष्ये अखेर रानाजवळच्या माणसांनीच केलेली असणार.

वसिष्ठाच्या नावावर चालणारी एक धनुर्वेदसंहिता आहे, आणि त्यातील बराच विषय चौदाव्या शतकातील शार्ङ्गधरपद्धतीतही आला आहे. तीत धनुष्याचे दोष सांगितले आहेत ते वाचण्यासारखे आहेत. अतिजीर्ण नसावे, अपक्व नसावे, जळलेले नसावे, छिद्र पडलेले नसावे, भलत्या ठिकाणी गाठ असलेले नसावे. बांबूची पेरे तीन, पाच, सात किंवा नऊ असली तर शुभ; चार, सहा, आठ असली तर वर्ज्य. आजच्या वाचकास हे शुभाशुभ हास्यास्पद वाटेल. परंतु कांबीवरील गाठी विषम असल्या म्हणजे मधली गाठ बरोबर मुठीखाली येते, आणि जेथे हात धरावयाचा तेथेच बांबू सर्वांत कणखर राहतो. गाठी सम असल्या तर मुठीखाली दोन गाठींमधील नरम भाग येतो. म्हणजे शास्त्रकारांनी कारागिराचा अनुभवच ज्योतिषाच्या भाषेत लिहून ठेविला असावा असे मानण्यास पुष्कळ जागा आहे. अग्निपुराणात धनुष्याची लांबीही ठरविली आहे: चार हात उत्तम, साडेतीन मध्यम, तीन कनिष्ठ. हात दीड फुटाचा धरला तर उत्तम धनुष्य सहा फुटांचे होते. लाकडाच्या किंवा बांबूच्या धनुष्यास ही लांबी लागतेच. आखूड कांब फार ओढली तर मोडते.

शिंगाच्या धनुष्याची गोष्ट निराळी. आत शिंग, बाहेर स्नायू, मध्ये लाकूड आणि सर्वांस जोडणारा सरस, अशी ही मिश्र रचना आखूड असूनही फार बळकट असते, आणि घोड्यावरून मारण्यास तिची सोय चांगली. मोगल स्वारांच्या हाती ही कमान असे. पण सरसाला आपल्याकडचा पावसाळा मानवत नाही. म्हणून हिंदुस्थानात पोलादाच्या कमानीही घडविल्या गेल्या. त्यांची ओढ तितकी गोड नसे, परंतु त्या कोठारात कितीही वर्षे पडून राहिल्या तरी बिघडत नसत.

या सर्व तपशिलापेक्षा धनुर्वेदातील एक नियम अधिक महत्त्वाचा आहे. धनुष्य आपल्या बाहुबलाहून किंचित कमी असावे. धनुर्धर धनुष्याहून बलवान असावा. धनुष्य धनुर्धराहून बलवान असू नये. कारण, ग्रंथकार म्हणतो, धनुष्यच ज्यास पीडा देते त्यास लक्ष्य दिसत नाही.

या नियमाचे मर्म ज्याने एकदा जड धनुष्य ओढून पाहिले असेल त्यास ताबडतोब पटेल. हात थरथरू लागतो, श्वास कोंडतो, डोळे आपोआप मिटू पाहतात आणि मन लक्ष्यावरून निघून स्वतःच्या खांद्यापाशी येऊन बसते. तरीही जगातील कथाकारांस जड धनुष्याचेच वेड. जनकाच्या सभेत शिवधनुष्य उचलता उचलता राजे घामाघूम होतात; द्रुपदाच्या मंडपात दोरी चढविण्यातच क्षत्रियांची फटफजिती होते. स्वयंवरास ते शोभते. शिकविणाऱ्याची गोष्ट मात्र वेगळी. द्रोणाचार्यांनी शिष्यांची परीक्षा घेतली तेव्हा धनुष्याच्या वजनाबद्दल त्यांनी काही विचारले नाही. तुला काय दिसते, एवढेच विचारले. पक्ष्याचा डोळा दिसावयाचा असेल तर खांदा मोकळा असावा लागतो. कवीचे धनुष्य आणि गुरूचे धनुष्य यांत हा भेद फार जुना आहे, आणि पहिले धनुष्य घेणारा तरुण बहुधा कवीच्या बाजूने चूक करतो.

शिकाऱ्यापुढे मात्र आणखी एक अडचण असते आणि ती केवळ बळाने किंवा विवेकाने सुटत नाही. साध्या धनुष्याचा स्वभाव असा की, जितके अधिक ओढावे तितके ते अधिक जड होते. बाण कानापर्यंत आला की भार सर्वांत जास्त, आणि नेमके त्याच क्षणी स्थिर राहून नेम धरावयाचा. लक्ष्य मातीचे असेल तर हरकत नाही, हवे तेव्हा सोडावे. परंतु हरीण झाडाआड थांबते, एक पाय पुढे टाकते, कान टवकारते, पुन्हा थांबते. ओढलेली दोरी धरून किती वेळ उभे राहणार? सोडून पुन्हा ओढावे तर त्या हालचालीने जनावर उधळते. जगभरच्या रानातील लोकांनी यावर एकच तोड काढली: अगदी जवळ जावे, ओढता ओढताच नेम धरावा, आणि दोरी पूर्ण येताच सोडून द्यावी. त्यामुळे त्यांची धनुष्ये फारशी जड नसत. कसब सारे पावलांत, वाऱ्याच्या अंदाजात आणि दम धरण्यात असे.

याचा उत्तम पुरावा विदर्भातून नव्हे, तर कॅलिफोर्नियातून मिळतो; कारण तेथे अशा एका माणसाची विद्या एका डॉक्टराने टिपून ठेविली. १९११ साली ओरोव्हिल या गावी याही जमातीचा शेवटचा मनुष्य रानातून बाहेर आला. त्याचे आप्त गोऱ्या वसाहतवाल्यांच्या हत्याकांडांत आणि उपासमारीत नाहीसे झाले होते. त्याने आपले नाव कधीच सांगितले नाही. त्याच्या भाषेत इशी म्हणजे मनुष्य, तेच नाव त्यास पडले. सॅन फ्रान्सिस्को येथील विद्यापीठाच्या संग्रहालयात तो राहिला आणि तेथेच त्याची गाठ सॅक्स्टन पोप या शल्यवैद्याशी पडली. इशीने त्यास धनुष्य करावयास, बाण घडवावयास व शिकार करावयास शिकविले. इशीचे धनुष्य जुनिपरच्या लाकडाचे, पाठीवर स्नायू चिकटविलेले, आणि त्याचा ताण साधारण ४५ पौंडांचा असे. गोल लक्ष्यावर मारण्यात त्याचे गोरे शिष्य लवकरच त्याच्या पुढे गेले. रानात मात्र तो सशासारखा आवाज काढून जनावरास जवळ बोलावी, आणि तेथे त्याच्यापुढे कोणाचे काही चालत नसे. १९१६ साली तो क्षयाने वारला. पोपने १९२३ साली धनुष्याच्या शिकारीवर पुस्तक लिहिले, ते वाचून अमेरिकेतील शहरी माणसे पुन्हा धनुष्य हाती घेऊ लागली, आणि १९३४ साली विस्कॉन्सिन राज्याने केवळ धनुष्याने हरणाची शिकार करण्यासाठी पहिला स्वतंत्र हंगाम ठरवून दिला. ज्यांचे रान गेले त्यांची विद्या, ज्यांनी रान घेतले त्यांच्या करमणुकीस आली. इतिहासात असे पुष्कळ वेळा घडते. येथे ते नाव-गाव-सालासह नोंदले गेले आहे, इतकेच विशेष.

या नव्या शिकाऱ्यांना इशीची पावले नव्हती. त्यांना रविवारची सुटी होती, आणि जनावर थांबेपर्यंत ओढलेली दोरी धरून उभे राहण्याची निकड होती. ती अडचण मिसूरी राज्यातील हॉलेस विल्बर ॲलन याने सोडविली. त्याने १९६६ साली एकस्वासाठी अर्ज केला व १९६९ च्या डिसेंबरात त्यास ते मिळाले. हेच कंपाउंड धनुष्य. पुढे टॉम जेनिंग्ज याने ते कारखान्यात काढून बाजारात आणले.

त्याची युक्ती समजावयास विहिरीवरील रहाट डोळ्यांपुढे आणावा. रहाटाचे चाक मधोमध आसावर बसविलेले असते, म्हणून दोर कितीही ओढला तरी भार तोच राहतो. ॲलनने धनुष्याच्या दोन्ही टोकांस चाके लावली, पण त्यांचा आस मध्यावर न ठेवता कडेकडे सरकविला. त्यामुळे दोर ओढताना चाक फिरते तसा तरफेचा हिशेब बदलत जातो. आरंभी भार झपाट्याने चढतो, मध्यभागी कमाल गाठतो, आणि बाण पूर्ण मागे येण्याच्या सुमारास एकदम उतरतो. ही उतरण आजच्या धनुष्यांत शेकडा ८० पर्यंत सहज असते. म्हणजे ७० पौंडांचे धनुष्य ओढून धरले असता बोटांवर अवघे १४ पौंड राहतात. कांबीत साठलेली शक्ती मात्र कोठे जात नाही. साधे लाकडी धनुष्य बाणास सेकंदाला दीडशे ते पावणेदोनशे फुटांचा वेग देते. हे तीनशेच्या घरात देते. लांबीही दोन आसांच्या दरम्यान ३० ते ३३ इंच, म्हणजे अग्निपुराणाच्या हिशेबाने पुरते दोन हातही नाही. कनिष्ठाहूनही कनिष्ठ!

आता अशा धनुष्याची निवड कशी करतात ते पाहण्याजोगे आहे. कारण येथेच धनुर्वेदाचा नियम नव्या वेषात पुढे येतो. पहिली गोष्ट ओढीच्या लांबीची. बांबूचा कामठा कोणीही आपापल्या हाताप्रमाणे कमीअधिक ओढू शकतो. कंपाउंड धनुष्याची ओढ ठराविक जागी जाऊन थांबते. पुढे जणू भिंत लागते. म्हणून दुसऱ्याचे धनुष्य घेणे म्हणजे दुसऱ्याचा चष्मा लावणे होय. दोन्ही हात आडवे पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत माप घ्यावे आणि त्यास अडीचने भागावे, असा ढोबळ नियम आहे: ७० इंचांच्या वावेस २८ इंचांची ओढ. ही लांबी एका इंचाने चुकली तरी कोपर वाकते किंवा मान ताणली जाते, आणि मग बाकीचे सर्व चांगले असून व्यर्थ.

दुसरी गोष्ट ताणाची, आणि खरा मोह येथेच असतो. उतरण इतकी मोठी असल्यावर ताण वाढविण्यास काय हरकत, असे नवशिक्यास वाटते. परंतु त्या उतरणीपर्यंत पोहोचण्यासाठी मधली चढण चढावीच लागते. जाणते लोक त्याची सोपी परीक्षा सांगतात. तिवईवर बसावे, धनुष्य समोर लक्ष्याच्या रेषेत धरावे आणि सरळ मागे ओढावे. ते ओढण्यासाठी हात आकाशाकडे न्यावा लागला किंवा अंग वेडेवाकडे करावे लागले, तर ते धनुष्य आपले नव्हे. थंडीत, गारठलेल्या स्नायूंनी, झाडावरील मचाणावर बसून हेच करावयाचे असते. अमेरिकेतील पुष्कळ राज्यांत हरणासाठी ४० पौंडांचा ताण कायद्याने पुरेसा मानला आहे. बाजारात मात्र ७० पौंडांचीच ऐट अधिक. निजबाहुबलाहून किंचित कमी, हे वसिष्ठसंहितेचे सूत्र त्या दुकानदारास कोणी सांगितलेले नाही. चांगला दुकानदार अनुभवाने तेथेच येऊन पोहोचतो.

बाणाकडे दुर्लक्ष करून धनुष्यावरच पैसा ओतणारे लोक असतात, त्यांची कीव करावी. बंदुकीची गोळी धक्क्याने मारते, बाण रक्तस्रावाने मारतो. तेव्हा पाते वस्तऱ्यासारखे धारदार नसेल तर जनावर जखमी होऊन मैलोगणती पळते आणि कुठेतरी झुडपात तळमळत मरते. बाण फार हलका घेतला तर शक्ती बाणात न जाता कांबीतच राहते व धनुष्यच फुटते. ताणाच्या प्रत्येक पौंडामागे बाणाचे वजन निदान पाच ग्रेन असावे, असा दंडक त्यासाठीच आहे. रिकामी दोरी ओढून सोडू नये, हे पोडातील पोरासही सांगावे लागत नव्हते. हजारो रुपयांचे यंत्र विकत घेणाऱ्यास ते पत्रकात मोठ्या अक्षरांनी छापून सांगावे लागते.

इकडे यवतमाळच्या रानात या काळात काय घडत होते? वऱ्हाडच्या आग्नेय भागाचा हा जिल्हा १८६४ साली वेगळा झाला आणि पुढे वणी जिल्हा या नावाने ओळखला गेला. १९०५ साली वऱ्हाडातील जिल्ह्यांची फेररचना झाली तेव्हा त्यास यवतमाळ हे नाव मिळाले. कापसाने काळी जमीन व्यापली, वर्धा नदीच्या खोऱ्यात कोळसा निघाला, आणि जे रान उरले ते सरकारी झाले. १८७८ च्या व पुढे १९२७ च्या वनकायद्याने हिंदुस्थानभर जो पायंडा पाडला त्यात बांबू तोडणे हा हक्क न राहता परवानगीची बाब झाली. साहेब व संस्थानिक त्याच रानात रायफली घेऊन वाघ मारीत होते. त्या मृगयेची पुस्तके निघाली, छायाचित्रे निघाली. सशा-तितरांवर कामठा धरणाऱ्याचे पुस्तक कोणी लिहिले नाही. वनखात्याच्या दप्तरी तो असलाच तर गुन्हेगार म्हणून.

१९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला. त्यात शस्त्र या शब्दाची व्याख्या करताना बंदूक, स्फोटके, सापळे, जाळी यांच्याबरोबर धनुष्यबाणाचेही नाव घातले आहे. आरंभी परवाना घेऊन काही शिकार करता येत असे; १९९१ च्या दुरुस्तीने तो दरवाजाही बंद झाला. तेव्हापासून भारतात हौसेखातर शिकारीचे धनुष्य निवडण्याचा प्रश्नच उरला नाही. आणि हे योग्यच झाले असे म्हटले पाहिजे. वाघ, चितळ, सांबर यांची जी दशा रायफलीने केली होती ती पाहता दुसरा उपाय नव्हता. पांढरकवड्याजवळ टिपेश्वरचे अभयारण्य आज वाघांमुळे नावाजले आहे ते त्याचेच फळ. पण या बंदीचा भार सर्वांवर सारखा पडला नाही, हेही त्याच दमात सांगितले पाहिजे. ज्याने रायफल ठेवून दिली त्याची एक हौस गेली. ज्याने कामठा ठेवून दिला त्याचे कोरड्यास गेले, शेताची राखण गेली, आणि बापाने मुलास रानात नेऊन शिकविण्याची एक सबंध विद्या गेली. रानडुक्कर आणि रोही आजही त्या शेतांत शिरतात.

२००६ साली वनहक्कांचा कायदा झाला तेव्हा या जुन्या अन्यायाचा काही अंश भरून निघाला. बांबूची गणना गौण वनोपजात करण्यात आली व त्यावर वनवासी लोकांचा हक्क मान्य झाला. गडचिरोली जिल्ह्यातील लेखा-मेंढा गावच्या ग्रामसभेस २०११ साली आपला बांबू आपल्या पासावर विकण्याचा अधिकार मिळाला, ती घटना महाराष्ट्रभर गाजली. त्याच कायद्यात परंपरागत हक्कांची यादी देताना शिकारीचा हक्क मात्र स्पष्ट शब्दांत वगळला आहे. म्हणजे कामठ्याचे लाकूड परत मिळाले, कामठ्याचे काम परत मिळाले नाही.

काम गेल्यावर हत्यार टिकले ते खेळाच्या मैदानावर. १९७२ साली म्यूनिक येथे तिरंदाजी पुन्हा ऑलिंपिक खेळांत आली आणि १९७३ साली भारतीय तिरंदाजी संघटना स्थापन झाली. पुढे १९८७ साली क्रीडा प्राधिकरणाने वनवासी मुलांतून तिरंदाज शोधले, त्यांत उदयपूरकडील लिंबाराम हा मुलगा होता; बांबूच्या कामठ्याने पाखरे मारण्यात त्याचे बालपण गेले होते. पुढच्याच वर्षी तो सेऊलच्या ऑलिंपिकमध्ये उतरला, आणि १९९२ साली बार्सिलोनातही खेळला. ज्यास रानाने डोळा दिला त्यास यंत्राचे धनुष्य परके वाटले नाही, हे त्याने दाखविले. मात्र असे धनुष्य पोडात परवडणारे नसते. उत्तम कंपाउंड धनुष्य, त्याचे बाण, नेमाचे भिंग व दोरी सोडण्याची कळ मिळून रक्कम लाखांत जाते. एकलव्याचा अंगठा गेला, म्हणून भिल्ल लोक अंगठा न लावता तर्जनी व मधले बोट यांनीच दोरी ओढतात असे सांगतात; कंपाउंड धनुष्याची दोरी सोडण्याची कळ पुष्कळ तिरंदाज अंगठ्याने दाबतात. गुरुदक्षिणा हल्ली रोख रकमेत द्यावी लागते, एवढा बदल झाला आहे.

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर या धनुष्याने फार मोठे यश दिले. २०२३ च्या ऑगस्टमध्ये बर्लिन येथे जागतिक अजिंक्यपदाच्या स्पर्धेत साताऱ्याची १७ वर्षांची अदिती स्वामी कंपाउंड प्रकारात जगज्जेती झाली, आणि त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळे याने पुरुषांचे अजिंक्यपद मिळविले. अंतिम सामन्यात त्याने १५ बाणांत १५० पैकी १५० गुण घेतले. पन्नास मीटरवरून, आठ सेंटिमीटरच्या वर्तुळात, एकामागून एक पंधरा बाण. दोघांचेही शिक्षण साताऱ्यास प्रवीण सावंत या गुरूपाशी झाले. त्यानंतर हांगझो येथील आशियाई खेळांत ओजसने तीन सुवर्णपदके मिळविली.

या स्पर्धांत धनुष्याचा ताण ६० पौंडांपलीकडे जाऊ नये असा नियम आहे. तेथे कोणी जास्त ताणाची बढाई मारीत नाही. मैदानावरील धनुष्य शिकारीच्या धनुष्याहून लांब, ३६ ते ४० इंचांचे घेतात, कारण लांब धनुष्य हातात कमी हलते. शिकाऱ्यास झुडपातून जावयाचे असते म्हणून त्यास आखूड हवे. खेळाडूस दिवसभर शेकडो बाण सोडावयाचे असतात म्हणून त्यास शांत हवे. २०२८ साली लॉस एंजेलिस येथे कंपाउंड धनुष्य प्रथमच ऑलिंपिकमध्ये येणार असून एक पुरुष व एक स्त्री यांच्या मिश्र जोडीची स्पर्धा होणार आहे. त्यासाठी तयारी करणारी मुले सातारा, नागपूर, अमरावती, बुलढाणा या भागांत सरावास लागली आहेत. त्यांचे गुरू नव्या मुलाच्या हाती आरंभी हलकेच धनुष्य देतात, ते त्यास महिनेच्या महिने ओढावयास लावतात, आणि खांदा थरथरणे थांबल्याशिवाय ताणाची किल्ली एक फेराही पुढे फिरवीत नाहीत.